वॉटर पार्कमधल्या अक्का

लाटा सुरू होण्याआधी भोंगा वाजायचा, आणि भोंगा वाजला की अक्का हातातलं काम टाकून छातीवर हात ठेवायच्या. "मले भेव वाटते, भाऊ," म्हणायच्या. दिवसातून सहा वेळा भोंगा, सहा वेळा छातीवर हात. नऊ उन्हाळे मी हे पाहिलं.

भुसावळहून सावद्याकडे जाताना केळीच्या बागांच्या मधोमध आमचा वॉटर पार्क होता. तुमच्यापैकी कोणी शाळेच्या सहलीत किंवा मे महिन्यातल्या उन्हाला कंटाळून तिथे आलं असेल, तर अक्कांना तुम्हीही पाहिलं आहे. बायकांच्या चेंजिंग रूमच्या दाराशी निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर टॉवेलांची चळत घेऊन बसलेल्या बाई. लॉकरची किल्ली देणं, भाड्याचे कॉस्च्युम धुऊन वाळत घालणं आणि रडणारी पोरं शांत करणं हे त्यांचं काम. मी ऑफिस सांभाळायचो. दीपनगरहून मोटरसायकलवर यायचो. अक्का यावलजवळच्या आपल्या गावाहून एसटीनं यायच्या, तरी माझ्याआधी पोचलेल्या असायच्या.

त्या कशाकशाला भ्यायच्या हे सांगत बसलो तर दिवस जाईल. पाल, वीज, साहेब, फोनवर आलेला अनोळखी नंबर. दर पौर्णिमेला गावातल्या बुद्धविहारात वंदनेला जायच्या, तिथेही वरचा पंखा बघून त्याच्या खालची जागा सोडून बसायच्या. आणि सगळ्यात जास्त भीती पाण्याची. फरशीवर सांडलेलं पाणीसुद्धा साडी वर धरून ओलांडायच्या. लाइफगार्ड चिडवायचे, "अक्का, एकदा तरी उतरा पाण्यात." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "तुम्हाले नही वाटत ना भेव? तुमच्या वाट्याचंही मलेच वाटते."

एका रविवारी त्यांनी चक्क लाटांचं मशीन बंद पाडलं. लाल रिबिनीची एक मुलगी त्यांनी आईबरोबर पाण्याकडे जाताना पाहिली होती, आणि आता आई दिसत होती, रिबीन दिसत नव्हती. अक्का धावत मशीनच्या खोलीत गेल्या आणि ऑपरेटरचा हात धरून म्हणाल्या, "बंद कर. आधी बंद कर, मग विचार." दोनशे माणसं पाण्यात उभी राहून एकमेकांकडे बघू लागली. ती मुलगी कँटीनमागे बर्फाचा गोळा खात होती. पार्कचे मालक शेठ खूप बोलले. अक्कांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "सापडली ना? मग झालं." नंतर चेंजिंग रूममध्ये जाऊन त्या बराच वेळ थरथरत बसल्या होत्या. मी पाणी नेऊन दिलं. तेव्हा मला हसू येत होतं, हेही सांगून टाकतो.

मग तो मार्च आला. तुम्हाला आठवत असेल, आधी पन्नास माणसांचा नियम आला, मग वीसचा, मग सगळंच बंद. आमच्याकडे तहसीलचा माणूस भरदुपारी आला. बरोबर एक पोलीस. भर पाण्यात माणसं होती. पोलिसानं भोंग्याच्या माइकवरून सांगितलं, "सगळ्यांनी बाहेर या. आत्ता. एकमेकांपासून लांब राहून." लांब राहून कसं बाहेर यायचं ते कोणालाच कळेना. बायका ओल्या अंगानं चेंजिंग रूमकडे पळाल्या. कितीजणी तर कॉस्च्युमवरच साडी गुंडाळून निघून गेल्या. कोणी खोकलं की बाजूचे सरकत होते. पंधरा मिनिटांपूर्वी हीच माणसं एकाच ट्यूबमध्ये तिघं-तिघं बसून किंचाळत होती.

तिकीट खिडकीवर नोटीस चिकटवली गेली. 'पुढील आदेशापर्यंत बंद.' अक्कांनी मला ती दोनदा वाचायला लावली. "पुढचा आदेश कव्हा येईन, ते नही लिहिलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. त्या नोटिशीतली सगळ्यात भीतीदायक गोष्ट तीच होती, हे मला नंतर कळलं.

साचलेल्या पाण्यात डास होतात म्हणून आरोग्य खात्याचं पत्र आलं आणि पूल रिकामे करावे लागले. पाणी उतरायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी अक्का काठाशी येऊन उभ्या राहिल्या. निळा रंग उडालेला उतार, खोल टोकाला साचलेला गाळ, एक लहान मुलाची चप्पल. त्यांनी वाकून पाहिलं आणि तिथेच काठावर बसल्या. "एवढं खोल होतं, भाऊ?" म्हणाल्या. "आन् एवढ्याशा लेकरायले सोडत होतो आपण यात?"

मे महिन्यात पुढचा आदेश आला, पण तो उघडण्याचा नव्हता. सहलीच्या मुलांसाठी बांधलेला आमचा हॉल विलगीकरणासाठी ताब्यात घेतला गेला. सुरतेहून, मुंबईहून परतणारी माणसं गावात घ्यायला गावं तयार नव्हती. कित्येक ठिकाणी वेशीवर काटेरी फांद्या टाकल्या होत्या. ती माणसं बसनं आणून आमच्याकडे उतरवली. शेठनी फोनवर सांगितलं, "किल्ल्या घेऊन कोणीतरी तिथे थांबा." बाकी सगळे आपापल्या गावी गेले होते. थांबलो मी आणि अक्का. घरी वडील म्हातारे, म्हणून मी ऑफिसातच झोपू लागलो. दिवसभर खिडकी लावून बसायचो. हॉलच्या दिशेनं वारा आला तरी श्वास धरायचो. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचो, "मला काही वाटत नाही, काळजी घेतली की झालं."

रोज सकाळी एक सिस्टर यायची. कोवळी मुलगी, चेहऱ्यावर मास्कचे वळ पडलेले. ती म्हणाली, "बायकांकडच्या बाजूला एक बाई लागेल. दिवसभर कोणीतरी हवं."

"मले भेव वाटते," अक्का म्हणाल्या.

"मलाही वाटते, मावशी," सिस्टर म्हणाली. "रात्री जेवण जात नाही."

अक्कांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुले वाटते? मंग ठीक. मले वाटलं मी एकलीच." आणि त्यांनी हातमोजे मागितले.

हॉलच्या दारापुढे खडूची एक रेघ होती. अक्का रेघेच्या अलीकडे खुर्ची टाकून बसायच्या. केळीला उठाव नव्हता, व्यापारी फिरकत नव्हते. आसपासचे शेतकरी रेघेपासून लांब घडच्या घड ठेवून जायचे. अक्का घडाची एकेक फणी कापून पलीकडे सरकवायच्या आणि प्रत्येकीला विचारायच्या, "खाल्लं का? दाखव साल."

त्या हॉलमध्ये सुरतेहून आलेली एक आई होती आणि तिची सहा वर्षांची मुलगी. आईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि तिला जळगावला नेलं. मुलीचा रिपोर्ट यायचा होता. गावाकडच्या काकाला फोन केला तर तो म्हणाला, आत्ता नको. मुलगी हॉलच्या कोपऱ्यात गादीवर बसून राहिली. रडत नव्हती, खात नव्हती. बाकीच्या बायकांनी आपल्या गाद्या तिच्यापासून लांब ओढल्या. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. मी तर भिंतीपलीकडे होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गादीवर दिसेना.

ती सापडली तेव्हा मोठ्या स्लाइडच्या मनोऱ्यावर होती. बावन्न लोखंडी पायऱ्या चढून ती स्लाइडच्या तोंडाशी बसली होती, पाय आत सोडून. हॉलमध्ये कोणीतरी बोललं होतं की तिथून लांबलांबचं दिसतं, दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात. तिला जळगावचा दवाखाना बघायचा होता. स्लाइडमध्ये पाणी नव्हतं. खालच्या पूलमध्येही नव्हतं. ती घसरली असती तर तीन वळणं घेऊन सरळ सिमेंटवर आली असती.

मी पायऱ्यांपाशी धावत गेलो. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबलो. तिची आई पॉझिटिव्ह होती. तिला धरून आणायचं म्हणजे कवेत घ्यावं लागणार होतं. मला वडील आठवले, असं मी पुढे लोकांना सांगितलं. त्या क्षणी मला फक्त मी आठवत होतो. मी खालून ओरडलो, "ए, उतर खाली." ती दचकली आणि आणखी वीतभर पुढे सरकली.

"ओरडू नका, भाऊ," अक्का मागून म्हणाल्या. त्यांनी मला हातानं बाजूला सारलं आणि त्या चढू लागल्या.

नऊ वर्षांत त्या मनोऱ्याची एक पायरी चढल्या नव्हत्या. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. कठडा हाताला चटके देत होता, म्हणून त्यांनी हातात पदर गुंडाळून तो धरला. पंधरा पायऱ्यांवर थांबल्या, डोळे मिटले. "चक्कर येते," असं स्वतःशीच म्हणाल्या, पण मला खालीही ऐकू आलं. पुन्हा चढल्या. पुन्हा थांबल्या. चाळीस-बेचाळीस पायऱ्यांवर त्यांचे पाय इतके लटपटायला लागले की जिना वाजत होता. त्या तिथेच बसल्या. मुलीपासून दहा पायऱ्या खाली.

"बेटा," त्या म्हणाल्या, "मी पडते अठून. मले खाली घेऊन चाल."

मुलीनं वळून पाहिलं. "तू मोठी आहेस."

"मोठी हाये म्हणून काय झालं? मले भेव वाटते. खाली पाहवत नही. हात दे मले."

मुलीनं एकदा खाली पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग तिनं स्लाइडमधून पाय काढले, बूड सरकवत मागे आली, उठली आणि पायऱ्या उतरून अक्कांपाशी आली. अक्कांनी हात पुढे केला होता. हातमोजा नव्हता, तो खालीच राहिला होता.

"डोळे मिटून घे," ती मुलगी म्हणाली. "मी सांगते पायरी आली की."

आणि ती त्यांना उतरवत घेऊन आली. एक पायरी, म्हणायची, आता दुसरी. अक्का डोळे घट्ट मिटून, तिचा हात दोन्ही हातांत धरून, एकेक पायरी बसत बसत उतरल्या. मी खाली उभा होतो. त्या शेवटच्या पायरीवर आल्या तेव्हा मी चार पावलं मागे सरकलो. अक्कांनी ते पाहिलं, आणि मुलीला घेऊन हॉलकडे गेल्या.

पुढे एकदा मी त्यांना विचारलं, ते तुम्ही मुद्दाम बोललात का, पोरगी उतरावी म्हणून. त्यांना आश्चर्य वाटलं. "मुद्दाम कशाचं, भाऊ? मी खरंच पडत होती."

तलाठी आले, त्यांनी अक्कांचं नाव संपर्काच्या यादीत लिहिलं आणि अक्कांना चौदा दिवस रेघेच्या पलीकडे जावं लागलं. त्यांनी आपली गादी मुलीच्या गादीला लावली. मुलीचा रिपोर्ट यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस मी डबा रेघेवर ठेवून मागे जायचो आणि अक्का विचारायच्या, "आला का?" मी नाही म्हणून मान हलवायचो. रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा त्यांनी मुलीला आंघोळ घातली, वेणी घातली आणि मग एकट्या नळापाशी जाऊन रडल्या. महिनाभरानं आई बरी होऊन आली. काका जीप घेऊन आला. जाताना मुलगी अक्कांच्या पाया पडायला वाकली, तर अक्का म्हणाल्या, "राहू दे, तूच मले उतरवलं."

अक्कांचे चौदा दिवस संपले तरी घर त्यांना उघडलं नाही. गावातल्या नळावर कोणी येऊ देईना. मुलानं फोनवर सांगितलं, "आई, थोडे दिवस तिथंच राह्य." तो वाईट नव्हता, त्याला दोन लहान लेकरं होती. तो पावसाळा अक्कांनी चेंजिंग रूममध्ये काढला. बेडूक आत येतात म्हणून दाराला लॉकरांचं कपाट लावून झोपायच्या.

हिवाळ्यात बागा उघडल्या, नाट्यगृहं उघडली, पाण्याचं कोणी काही बोलेना. अखेर निम्म्या माणसांची परवानगी आली. दारात ताप मोजायचं यंत्र घेऊन मी उभा राहू लागलो. माणसं येत, पण पाण्यात एकमेकांना पाठ करून उभी राहत. दोन महिनेही झाले नाहीत आणि पुन्हा नोटीस लागली. या वेळी हॉलमध्ये गाद्यांऐवजी खाटा आल्या, ऑक्सिजनचे सिलिंडर आले. सिस्टरनं अक्कांना पुन्हा बोलावलं.

त्या एप्रिलमध्ये मला ताप आला. जळगावला कुठेच खाट नव्हती, म्हणून मला माझ्याच पार्कच्या हॉलमध्ये आणलं. शेजारच्या खाटेवरचा माणूस सकाळी बोलत होता, दुपारी त्याची चादर बदलत होते. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. अक्का आल्या, स्टूल ओढून बसल्या. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. मनोऱ्याखाली मी चार पावलं मागे सरकलो होतो, ते बोलायचं म्हणून मी तोंड उघडलं. "बोलू नका," त्या म्हणाल्या, "दम लागीन." नऊ दिवस त्या रोज येऊन बसल्या.

दहाव्या दिवशी सकाळी मला घरी जायचा कागद मिळाला. पिशवी घेऊन दारात आलो तर अक्का स्टुलावर बसल्या होत्या, आणि सिस्टर त्यांच्या बोटाला लावलेलं मशीन पुन्हा पुन्हा काढून पुसून लावत होती. आकडा ऐंशीच्या वर जाईना. भुसावळला खाट नाही, जळगावला नाही. तासाभरानं फोन आला, धुळ्याला एक आहे.

तिथून त्या परत आल्या नाहीत. चौथ्या दिवशी निरोप आला. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे शेवटी सांगावं लागणार नाही.

अँब्युलन्स आली. अक्कांनी तोंडावरचा ऑक्सिजन बाजूला करून विचारलं, "कोण येते मह्यासंगं?" सिस्टर म्हणाली, कोणाला परवानगी नाही मावशी. अक्का माझ्याकडे बघत नव्हत्या, मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या. मी ड्रायव्हरपाशी गेलो. म्हटलं, "मी येऊ?"

त्यानं माझ्या हातातला कागद पाहिला. "होऊन गेला ना तुम्हाला? बसा पुढे. कोणी विचारलं तर तुम्हीच सांगायचं."

पुढची आणि मागची जागा यांच्यामध्ये हातभर काच होती. एरंडोल येईपर्यंत अक्का थोड्या थोड्या वेळानं बोटानं त्या काचेवर टकटक करायच्या. मी वळायचो. मी आहे एवढं पाहिलं की त्या डोळे मिटायच्या. पारोळ्याच्या अलीकडे टकटक थांबली. मला वळायचा धीर होईना. ड्रायव्हर म्हणाला, "बघा की, साहेब." मी समोरच्या रस्त्याकडे बघत राहिलो, किती वेळ ते माहीत नाही. मग वळलो. त्यांचे डोळे उघडे होते आणि त्या माझ्याकडेच बघत होत्या. हात उचलायची ताकद संपली होती एवढंच.

धुळ्याच्या दवाखान्यापाशी पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली. नखशिखांत झाकलेली. फाटकाशी नातेवाइकांची गर्दी, सगळ्यांची तोंडं बांधलेली, कोण कोणाचं कळू नये अशी. अक्कांना स्ट्रेचरवर घेतलं आणि त्या मान वळवून बघायला लागल्या. माझ्यावरून त्यांची नजर गेली, पुढच्या माणसावर गेली, परत आली, पुन्हा पुढे गेली. त्यांना मी ओळखू येत नव्हतो.

मी मास्क खाली ओढला.

"ओ, मास्क वर करा," फाटकावरचा माणूस ओरडला. बाजूचे लोक माझ्यापासून झटकन लांब झाले. "वर करा म्हणतो ना." मी तसाच उभा राहिलो, उघड्या तोंडानं, अक्कांच्या स्ट्रेचरकडे बघत, ते दार बंद होईपर्यंत.